गिरधरचा करा

मुलगा इंदूरला शिकायला गेल्यापासून त्याचं पत्र लांबलं की मला मालूबाई कुंभारीण आठवते. आमच्या शनवारा पेठेत तिचं घर होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की तिची ओसरी कऱ्यांनी भरून जायची.

करा म्हणजे मातीचा लहानसा गडू. लग्नात करवलीच्या हातात असतो तोही कराच. पण आखाजीला तो घरातल्या गेलेल्या पुरुषाच्या नावानं पाण्यानं भरतात, उन्हाळ्यात त्याची तहान भागावी म्हणून. जिवंत माणसाचा करा भरत नाहीत.

मालूबाईचा नवरा गिरधर निजामाच्या मुलखात, जालन्याला कापसाच्या जिनिंगवर कामाला गेला होता. ते राज्य हिंदुस्थानात सामील झालं, त्या धामधुमीत त्याचा ठावठिकाणा सुटला. दर आखाजीला ती त्याच्या नावाचा करा घडवायची, पण भाजायची मात्र नाही. कच्च्या मातीत पाणी ठरत नाही. फळीवरचा तो करा चांदण्यात नुकताच न्हाऊन आल्यासारखा दिसायचा.

सासू गोदाबाई चिडायची. "तीन वर्सं झाली, मालू. अजून कच्चाच? तुझ्या भट्टीले काय कायमचा पावसाळा लागला?"

"राहू द्या, आत्याबाई."

"तुले कुंकवाची पडली. तिकडं माझं पोर तहानलेलं फिरते. सपनात येते, ओंजळ धरून उभं राहते. काय देऊ मी त्याले?"

मालूबाई माती मळता मळता म्हणाली, "माझ्या सपनात ते केळीच्या बागेतून चालत येतात. पाय चिखलानं भरलेले असतात. मी कसा भरू त्यांचा करा?"

एकीचं स्वप्न दुसरीला खोटं पाडता येईना.

त्या वर्षी मालूबाईनं करा भाजला. आखाजीच्या सकाळी तो घरात न भरता ती वेशीवरच्या शनवारा दरवाजाच्या सावलीत घेऊन गेली. शेजारी पाण्याचा रांजण ठेवला. कपाळावर कुंकू होतंच. सासूला हात धरून आणलं.

"येणाऱ्या-जाणाऱ्याले याच्यातून पाणी पाजा, आत्याबाई. ते नसतील तर त्यांना पोचेल. असतील तर येतील अन् पिऊन जातील."

"मोठी शहाणी!" गोदाबाई पुटपुटली, पण बसली.

तापीकडून, खकनारकडून माणसं येत होती. गोदाबाई एकेकाच्या ओंजळीत धार धरायची, आणि तो पिऊन मान वर करेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायची.