एजंट नसलेली नोकरी

कतारची आठवण म्हणलं की तुम्ही उंटाची वाट बघत बसणार. बसा बापडे. माझ्या आठवणीत उंट नाही. एक टेलिफोन आहे, आणि हॉलंडचा एक प्रोफेसर.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन. शुक्रवारी सुट्टी, म्हणून दोहातल्या ओल्ड एअरपोर्ट भागात आमच्या गावाकडच्या दादांच्या घरी जेवायला जायचो. जेवणाच्या बदल्यात आमच्या इंग्रज साहेबाची नक्कल करायची, असा ठराव. साहेब नाकातून बोलायचा. माझं सगळं इंग्रजी त्याच्याच नाकातून आलेलं.

वहिनी पुण्याच्या, एम.एस्सी. झालेल्या. खाऱ्या मातीत उगवणाऱ्या झाडांवर त्यांनी काम केलेलं. लग्नानंतर दोहाला आल्या आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत बसल्या. एका इंग्रजी मासिकात त्यांना जाहिरात दिसली, हॉलंडच्या विद्यापीठात संशोधकाची जागा. अर्ज केला. तिकडून उत्तर आलं, शुक्रवारी फोनवर मुलाखत घेऊ.

दादा खूश. मला संशय.

"वहिनी, एजंट कोण?"

"एजंट नाही रे."

"तिकीट?"

"तेच देणार."

"मग फसवतायत. झाडं बघायला कोण पगार देतंय? आमच्याकडं शेळ्या फुकटात बघतात."

दादा हसले. वहिनी नाही हसल्या. "मला परत लॅबमध्ये जायचंय," एवढंच म्हणल्या.

त्या शुक्रवारी दादा मासळी आणायला गेलेले. वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या. "रिंग वाजली तर नुसती हाक मार," जाताना मला बजावलं.

रिंग वाजली. पलीकडून कुणीतरी अडखळत वहिनींचं नाव घेतलं. मी म्हणलं, हाक मारायच्या आधी माणूस तपासून घ्यावा. साहेबाचा आवाज लावला.

"येस. कमिशन किती घेणार?"

कमिशन कसलं, म्हणाला.

"राहायचं कुठं? लेबर कॅम्पात?"

त्यांना आवडेल तिथं, म्हणाला.

आता हुकमी प्रश्न. "पासपोर्ट कुणाच्या कपाटात राहणार?"

त्यानं प्रश्न परत विचारायला लावला. मग म्हणाला, "त्यांचा पासपोर्ट त्यांच्याकडेच राहील ना?"

तिथं पकडला! मी आलो त्या दिवसापासून माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. खोलीतल्या सगळ्यांचे तसेच. पासपोर्ट न मागणारी नोकरी असते होय? "खलास!" म्हणलं, फोन ठेवला आणि छाती फुगवून गच्चीवर गेलो.

"वहिनी, चोर पकडला."

त्यांच्या हातातली ओली चादर तिथंच पडली. धावत खाली आल्या, फोनसमोर बसल्या. आत भात करपला तरी उठल्या नाहीत. गॅस मीच बंद केला.

शेवटी रिंग वाजली. प्रोफेसरच. माती, मीठ, मुळं असं बरंच चाललं. सुरुवातीला चाचरणाऱ्या वहिनी नंतर तर त्याला मधेच थांबवून सांगायला लागल्या. अखेरीला त्यानं विचारलं असणार, मघाचे गृहस्थ कोण. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. "माझे एजंट," म्हणल्या.

फोन ठेवला. "बोलावलंय."

"बघा! मी नीट तपासलं म्हणून..."

"गप्प बस! हाक मार म्हटलं होतं ना? गेली होती माझी नोकरी तुझ्या थिल्लरपणात! आणि काय रे, पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे म्हणणारा तुला चोर वाटतो? उद्या कामावर गेलास की त्या साहेबाला विचार, माझा पासपोर्ट कुठंय. आणि विचारताना स्वतःच्या आवाजात विचार!"