चार बोटं आखूड बाण

माझ्या बायकोचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं, आणि त्यानंतर पंधरा दिवस मला धड जेवण गेलं नाही.

तेव्हा मी अहेरीला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी सालची गोष्ट. सव्वीस जानेवारीला कर्मचारी आणि त्यांच्या घरच्यांचे खेळ व्हायचे, त्यात यंदा तिरंदाजी घालायची असं साहेबांनी ठरवलं. चंद्रपूरहून एक धनुष्य आलं. लाकडी, दोन्ही टोकं पुढे वळलेलं, वार्निश लावलेलं, मोठं देखणं. बाण मात्र आले नाहीत. (मागणीपत्रात बाण लिहायचे राहून गेले होते. मागणीपत्र मी लिहिलं होतं.) शेवटी धनुष्य सगळ्यांनी हेच वापरायचं आणि बाण ज्याचे त्यानं आणायचे, असं ठरलं. धनुष्य सांभाळायला माझ्या घरी आलं आणि मी स्वतःला आधीच विजेता समजू लागलो.

आठवडी बाजारात डोलूदादा नावाचे एक म्हातारे गोंड कारागीर बांबूचे बाण घेऊन बसत. मी आणि शशी, म्हणजे माझी बायको, त्यांच्याकडे गेलो. मी वांगी निवडावीत तसे बाण निवडले. जाड, सरळ, टणक, तुकतुकीत.

"साहेब, इतके कडक कायले घेता? धनुष्य कसं आहे तुमचं?" डोलूदादांनी विचारलं.

"सरकारी आहे," मी म्हणालो.

"ओढाले जड का हलकं?"

"मध्यम."

"मंग हे नाई चालाचे. सुटला का बाण लवते न् धनुष्याच्या दांडीले वळसा घालून जाते. लवला नाई त बाजूले फेकला जाते."

लवणारा बाण! बाण आहे की धानाची लोंबी? मी हसलो आणि ते सहा जाडजूड बाण बांधून घेतले. शशी सिंदेवाहीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. ती उकिडवी बसली आणि एकेक बाण दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवून पाहू लागली. वीसेक बाण वाकवले, त्यातले सहा बाजूला काढले. डोलूदादांनी बाण तिच्या छातीपासून हातापर्यंत लावून पाहिला आणि तिच्या हाताच्या मापानं सहाही बाण चार-चार बोटं कापून दिले.

"बाईले समजते," ते म्हणाले.

मला काय समजत नाही, ते मी विचारलं नाही. ओळखीसाठी माझ्या बाणांच्या पिसांखाली लाल दोरा आणि तिच्या बाणांना हिरवा दोरा बांधून आम्ही घरी आलो.

परसात पोत्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून ते उभं केलं. माझा पहिला बाण डावीकडे, शेजारच्या शेवग्यात गेला. दुसरा डावीकडे, शेजाऱ्यांच्या छपराच्या कवेलूंवर. तिसरा डावीकडेच, शेजारीणबाईंच्या वाळत घातलेल्या लुगड्यात. शेजारी कुंपणापाशी येऊन शांतपणे म्हणाले, "भाऊ, पोतं तिकडं आहे."

मग शशीनं पदर खोचला आणि तीन बाण मारले. तिन्ही पोत्यात.

"योगायोग," मी म्हणालो.

तिनं आणखी तीन मारले. तेही पोत्यात.

"वाऱ्यानं माझे बाण गेले."

"वारा काय माह्यासाठी थांबला होता?" ती म्हणाली. "अवो, तुमचे बाण कडक आहेत. काचेच्या तुकड्यानं घासून जरा पातळ करून देऊ काय?"

"काही गरज नाही."

त्या दिवसापासून मी जळू लागलो. उगाच आडपडदा कशाला, चांगला धुमसत होतो. कचेरीतल्या बायका दुपारी आमच्या परसात जमायच्या आणि "वहिनी, आमालेही शिकवा" म्हणायच्या. मला कोणी काही शिकवायला सांगेना. साहेब एकदा टेबलापाशी थांबले, तेव्हा मी बढतीच्या आशेनं उभा राहिलो, तर ते म्हणाले, "वहिनींचा सराव कसा सुरू आहे?" बाजारात डोलूदादांनी मला हाक मारली, ती "बाई नाई आल्या काय?" हे विचारायला. मी रुसलो. आठवडाभर मी धनुष्याला हात लावला नाही. माझे लाल दोऱ्याचे बाण खुंटीला लटकत होते आणि मी ताटात वरणभात चिवडत बसायचो.

"काऊन जेवून नाई राह्यले?" शशी विचारायची.

"भूक नाही."

भूक होती. पण अख्ख्या कचेरीसमोर बायकोकडून हरायचं, या विचारानं घास उतरत नव्हता.

पंचवीस तारखेला दुपारी शशी शेजारी गेली होती. तिचे बाण कोपऱ्यात होते. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नेम तिचा नाहीच, नेम त्या बाणांचा आहे! मी बसल्या बसल्या दोरे बदलले. तिच्या बाणांना लाल, माझ्या बाणांना हिरवा. दोन्हींच्या लांबीत चार बोटांचा फरक मला दिसला नाही असं नाही. पण आखूड बाण हलका, आणि हलका म्हणजे वेगवान, असा हिशेब मी केला. (मी शास्त्र शाखेचा विद्यार्थी होतो, हे त्या दिवसापर्यंत अभिमानानं सांगत असे.)

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं आणि खेळ सुरू झाले. मैदानात पोतं, उजव्या हाताला मंडप, मंडपात साहेब आणि त्यांच्यासमोर परातीत गरम आलूबोंडे. परीक्षक म्हणून डोलूदादांना बोलावलं होतं.

माझं नाव पुकारलं. मी छाती फुगवली, लाल दोऱ्याचा बाण लावला आणि पूर्ण ताकदीनं ओढला. माझे हात लांब. बाण ओढता ओढता टोक धनुष्याच्या आत आलं, सटकलं आणि बाण माझ्या पायाच्या अंगठ्याशेजारी पडला.

"हा धरायचा नाही," मी घोषणा केली.

दुसरा बाण मी जरा जपून ओढला. तो सुटला, पाण्यातल्या सापासारखा वळवळत उजवीकडे गेला आणि परातीतल्या आलूबोंड्यांत रुतला. वरचे दोन बोंडे घरंगळत साहेबांच्या पांढऱ्या पँटवर आले.

"यायले बसवा कुठीतरी," साहेब म्हणाले. तिसरा बाण मला मिळालाच नाही.

मग शशी आली. तिनं हिरव्या दोऱ्याचा बाण काढला, हाताला लावून पाहिला, बोटांनी वाकवला आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी झेंड्याकडे पाहू लागलो. तिचा पहिला बाण वीतभर डावीकडे गेला. दुसऱ्याला तिनं नेम तेवढाच उजवीकडे धरला आणि बाण पोत्याच्या मधोमध बसला. तिसरा त्याच्या शेजारी. पहिला नंबर.

डोलूदादांनी आलूबोंड्यातला बाण पुसून पाहिला. "साहेब, हा त बाईच्या हाताचा बाण हाये. तुमाले कुठं पुरन हा." मग त्यांनी पोत्यातला बाण उपसला आणि वाकवून, अंगठा फिरवून बराच वेळ पाहत राहिले. "आन् हा कोनं घासला? लांब हाताच्या मानसासाठी घासून हाये. टोकाले तारही गुंडाळली हाये, बरोबर लवाले. असं काम म्याही नाई केलं."

शशी बक्षिसाचा स्टीलचा डबा निरखून पाहत होती.

दोरे बदलताना मी फक्त पिसांखाली पाहिलं होतं, टोकांकडे पाहिलंच नव्हतं. घरी आल्यावर विचारलं, "माझे बाण तू केव्हा घासलेस?"

"तुमी हापिसात गेल्यावर. आठ दिवस लागले. तुमी जेवत नव्हते ना, म्हटलं, जिंकून जाऊ द्या एकदाचे." तिनं ताट वाढलं. "दोरे कोनं बदलले, ते मी नाई इचारत."

मी जेवायला बसलो. खरं सांगतो, त्या क्षणीही मला हेवाच वाटत होता, कारण डोलूदादांनी आयुष्यात एकदा ज्या कामाचं इतकं कौतुक केलं, ते काम माझ्या बाणांवर झालं होतं आणि कौतुक तिचं झालं होतं. मी तिला हरवायला टपलो होतो आणि ती मला जिंकवायला बसली होती. दोघांचेही बेत फसले, आणि दोन्ही फसवण्याचं काम मी एकट्यानं केलं.