म्होरकीचं दही

मी खरं तर भांडायला गेले होते. जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखला आम्ही नवीनच राहायला आलो होतो आणि शेजारच्या अंगणातली चार हस्की कुत्री रोज दुपारी, नेमका माझा डोळा लागायच्या वेळी, आकाशाकडे तोंड करून गळा काढायची. मी खिडकी जरा जोरात लावली तर खालच्या मजल्यावरचे आजोबा मला जिन्यात गाठून दुपारच्या शांततेचे नियम समजावायचे, आणि या चौघांना मात्र सगळं माफ! म्हटलं, थांबा, दाखवतेच. होतं नव्हतं तेवढं जर्मन गोळा केलं आणि बेल दाबली.

दार एका उंच, काठी टेकत आलेल्या बाईंनी उघडलं. शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालेल्या, पण शिट्टी अजून गळ्यातच. माझं सगळं रागावणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "गेनाऊ" म्हणजे 'अगदी बरोबर' म्हणाल्या आणि मला थेट कुत्र्यांसमोर नेऊन उभं केलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ही गाडी ओढणारी जात. पळायला मिळत नाही म्हणून रडतात. पळायला मिळत नाही कारण बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. तक्रार अगदी रास्त आहे. आल्झो, म्हणजे थोडक्यात, तक्रार करणारीचे दोन्ही पाय धडधाकट दिसतायत, तर तिनेच त्यांना पळवावं.

भांडायला गेलेली मी हातात चार पट्टे घेऊन घरी आले. नवरा म्हणाला, "अगं, तुला मांजराची भीती वाटते!"

"त्या बाईंना नाही म्हणायची जास्त वाटली," मी म्हटलं.

बर्फावर कुत्र्यांनी ओढायची ती घसरगाडी. पण आमच्याकडे बर्फ पडायच्या आधी सराव करायचा तो तीनचाकी गाडीवर. तिला ना इंजिन, ना सीट. मागे उभं राहायचं, दांडा धरायचा, ब्रेकवर पाय ठेवायचा आणि जंगलातल्या चिखलातून जीव मुठीत धरून जायचं. बाईंचा नियम एकच: पडलात तरी गाडी सोडायची नाही, कारण कुत्री तुमच्यासाठी थांबत नाहीत. मी पडायची आणि दांड्याला लोंबकळत फरफटत जायची. जंगलात फिरायला आलेले लोक मला अदबीने "गुटन टाग" म्हणायचे.

त्याच सुमाराला नाशिकहून सासूबाई आल्या. सासरे गेल्याला वर्षही झालं नव्हतं, म्हणून नवऱ्याने त्यांना तीन महिन्यांसाठी आग्रहाने बोलावून घेतलं. फेब्रुवारीचं परतीचं तिकीट होतं. त्या दिवसभर खिडकीशी बसायच्या. भाजी निवडते म्हणाल्या तर इथली भाजी निवडलेलीच येते. भांडी मशीनमध्ये. बोलायला कुणी नाही, आणि आमच्याशी बोलायचं त्यांना सुचत नव्हतं. विचारलं की म्हणायच्या, "माझं काय, मी आहे बसलेली." आणि पाठोपाठ, "मी इथे कुणाच्या काय कामाची?" हे ऐकलं की मला वाईटही वाटायचं आणि रागही यायचा. काय करायचं माणसाने?

सून कुत्र्यांच्या गाडीवर उभी राहून जंगलात जाते, हे कळल्यावर मात्र त्या ताडकन उठल्या. जिवावरच्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर ठेवायला नको? स्वेटरवर मुलाचं जाकीट, पायात मोजे आणि मोज्यांवर चपला अशा थाटात त्या वाटी घेऊन शेजारच्या फाटकापाशी आल्या. माझे दोन्ही हात दांड्याला, वर हातमोजे. त्या चमच्याने दही माझ्या तोंडाशी नेतायत, तेवढ्यात सगळ्यात पुढे जुंपलेल्या कुत्रीने मान लांब केली आणि त्यांच्या बोटांवर सांडलेलं दही चाटून टाकलं.

त्यांनी अशी किंकाळी फोडली की खालचे आजोबा बाल्कनीत आले. मग घरी जाऊन हात तीनदा साबणाने धुतला.

ती कुत्री म्हणजे आमची म्होरकी. एक डोळा निळा, एक तपकिरी. ती निघाली की मागची तिघं निघणार, ती वळली की वळणार. पुढच्या खेपेला सासूबाई पुन्हा फाटकाशी हजर. या वेळी माझ्यासाठी वाटी-चमचा आणि म्होरकीसाठी थेट तळहातावर दही. बिनसाखरेचं. तिचे दात किडतील म्हणून.

"आई, अहो, तुम्हाला किळस येते ना?"

"येते तर! पण ती मागते, त्याला मी काय करू?"

तेव्हापासून हे ठरूनच गेलं. मी कुत्री जुंपायची, तोवर सासूबाई म्होरकीशी बोलत उभ्या. तिला त्या 'बाई' म्हणायच्या. "काय गं बाई, आज फार गार आहे ना? आमच्याकडे ह्यांना असली थंडी आवडायची हो." सासऱ्यांचा विषय त्यांनी आमच्यापुढे एकदाही काढला नव्हता. कुत्रीला मात्र सगळं माहीत होतं, त्यांना कुठली भाजी चालायची नाही इथपर्यंत. मी पट्टे उगाचच पुन्हा पुन्हा तपासत राहायची.

मग डिसेंबरात शेजारीणबाईंनी खिडकीतून हा दह्याचा कार्यक्रम पाहिला. काठी आपटत बाहेर आल्या. पळायच्या आधी कुत्र्याच्या पोटात काही जाता कामा नये! मुळीच नाही! रविवारी घसरगाड्यांच्या क्लबची शर्यत आहे, फिश्टेलगेबिर्गच्या डोंगरात, खऱ्या बर्फावर. आता हे बंद म्हणजे बंद. "या?" म्हणजे, कळलं ना?

मी म्हटलं, अहो, चमचाभर तर असतं. पण शिट्टीवाल्या बाईंपुढे कुणाचं काही चालत नाही. सासूबाईंना भाषा कळली नाही, तरी काठी बरोबर कळली. त्यांनी हात पदराला पुसला आणि "बरं" म्हणाल्या. त्या रात्री जेवताना मुलाला म्हणाल्या, "अरे, माझं तिकीट अलीकडचं करून दे. इथे नुसतं बसायचं, त्यापेक्षा तिकडे जाऊन घर तरी उघडेन." नवऱ्याने फोनाफोनी करून शर्यतीनंतरच्या सोमवारचं करून दिलं. मला तिघांचाही असा संताप आला होता म्हणून सांगू!

रविवारी सासूबाईंना एकटं कसं ठेवायचं, म्हणून बरोबर नेलं. त्या गाडीतच बसल्या, पांघरूण घेऊन. मैदानात नुसता गोंधळ चाललेला. सगळ्यांची कुत्री उड्या मारतायत, किंचाळतायत, कधी एकदा निघतो असं झालेलं. आमचा नंबर आला. घसरगाडीच्या मागच्या फळ्यांवर पाय ठेवले, "चल!" म्हणून ओरडले, आणि म्होरकी खाली बसली.

बसली म्हणजे चक्क बसली. शेपूट पायाभोवती गुंडाळून. मागची तिघं तिच्यावर जाऊन आदळली आणि पट्ट्यांचा गुंता झाला. शेजारीणबाईंनी शिट्टी फुंकली. मी हात जोडले. नवऱ्याने ढकलून पाहिलं तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मागे सरून "सॉरी" म्हणाला. मागचे लोक घड्याळं बघायला लागले. मला कळलं होतं. शेजारीणबाईंनाही कळलं असावं, कारण त्यांनी स्वतःच कुणाच्या तरी डब्यातून दही मागून आणलं, तेही स्ट्रॉबेरीचं, आणि आपल्या हाताने पुढे धरलं. म्होरकीने वास घेतला आणि तोंड गाड्या लावल्या होत्या तिकडे फिरवलं.

मी बर्फातून पळत गेले आणि गाडीचं दार उघडलं.

"आई, चला. म्होरकी उठत नाहीये."

"मग दही द्या तिला. त्या बाईंना विचारून."

"त्यांनीच दिलं. घेत नाही."

"मला नको बाई मध्ये ओढू. पुन्हा रागावतील त्या."

"आई, अख्खं जर्मनी माझ्याकडे बघतंय. उतरा बघू आधी!"

उतरल्या. मुलाचे बूट, वर जाकीट, साडीचा काठ बर्फात लोळतोय, आणि माझा दंड घट्ट धरलेला. लोकांनी वाट करून दिली. शेजारीणबाई काठी बगलेत मारून बाजूला झाल्या. सासूबाई म्होरकीसमोर वाकल्या, हातमोजा काढला आणि रिकामा तळहात तिच्यापुढे उघडून धरला.

"काय गं बाई? आज माझ्याकडे काही नाही बघ. काहीच आणलं नाही मी."

म्होरकीने तो रिकामा हात चाटला. सावकाश, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मग उठली, अंग झटकलं, आणि मी दांडा नीट धरायच्या आत अशी सुसाट सुटली की पुढचं बरंचसं मी पोटावर घसरत पाहिलं. दांडा सोडला नाही, एवढंच. आम्ही शेवटून पहिले आलो.

परत आले तर सासूबाई तिथेच उभ्या होत्या. नाक लाल झालेलं, एका हाताला मोजा नाही. शेजारीणबाईंनी आपला मफलर त्यांच्या गळ्यात घातला होता.

घरी जाताना नवरा गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी. मग मागच्या सीटवरून सासूबाईंचा आवाज आला.

"नुसता हात होता गं माझा. त्यात काही नव्हतं."

आणि त्या रडायला लागल्या. सासरे गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी मागे वळून त्यांचा हात धरला. माझंही तेच चाललं होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी नाक पुसलं.

"अरे, उद्याचं ते तिकीट... पुन्हा फेब्रुवारीचं करता येतं का रे?"

नवऱ्याने विमान कंपनीचे नियम सांगायला तोंड उघडलं. मी त्याला कोपराने असं ढोसलं की गाडी हलली.

"येतं, आई," तो म्हणाला.