रेघेवरचा संशय

नवा मार्कर हातात आला की मेश्राम बाबू आधी त्याचा वास घेत. मग नकाशाच्या कागदाच्या कात्रणावर एक रेघ ओढत आणि तासाभराने ती भिंगातून तपासत. मार्कर चार आण्यांचा असो की परदेशी, कपाळावरची आठी तीच.

आमच्या नागपूरच्या कार्यालयात ते नकाशे काढत. मी त्यांच्या हाताखाली होतो. पारशिवनीकडे एक तलाव व्हायचा होता. पाणी कुठवर चढेल ती हद्द आम्ही लाल मार्करने आखायची, आणि तो लाल रंग ज्या शेताच्या किंवा घराच्या नंबराला शिवेल तो नंबर कारकून बुडिताच्या यादीत घालायचा.

"कंपनीले काय जाते गा? शाई पसरली का कोनाचं तरी घर पान्यात," ते म्हणत. "स्वस्तवाला उघड दगा देते, महागवाला कोट घालून देते."

एकदा दिल्लीहून महागडे मार्कर आले. त्यांचा झोक पाहूनच मी भुललो आणि थेट नकाशावर हद्द आखून मोकळा झालो.

"कात्रनावर पाह्यला का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी बिनदिक्कत म्हणालो.

पण दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा ते माझ्या नकाशावर भिंग घेऊन वाकले होते. शाई पसरली होती आणि काठावरच्या एका घराच्या नंबराला शिवली होती. शेजारच्या कात्रणावर सीताबर्डीतल्या स्वस्त मार्करची रेघ मात्र जशीच्या तशी होती. त्याच मार्करने त्यांनी अख्खा नकाशा नव्याने काढला.

यादी लागल्यावर त्या घरची म्हातारी कार्यालयात आली. शेजाऱ्याचं शेत गेलं होतं, तिचं घर वाचलं होतं.

"कोनं काढली बाप्पा ही रेघ?"

"यानं," मेश्राम बाबूंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

तिने माझ्यावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती गेल्यावर ते हळूच म्हणाले, "तिच्यापुढं तुही इज्जत ठेवली. पन तू माह्याशी खोटं बोलला, हे मी इसरनार नाही."

निवृत्त होईपर्यंत त्यांनी माझी एकही रेघ भिंगाखाली घातल्याशिवाय पुढे जाऊ दिली नाही. काहून, असं मी त्यांना एकदाही विचारलं नाही.