मांजरीचा अहवाल आणि मास्तर

प्रकल्पाचा अहवाल हातात दिला की पान उलटण्याआधी मास्तर विचारत, "ज्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांना वाचून दाखवलंत?" नाही म्हटलं की अहवाल परत. आमच्या व्यवस्थापन संस्थेत बाकी सगळे प्रोफेसर. मार्केटिंग शिकवणारे हे एकटेच मास्तर, तेही स्वतःच्या हट्टाने.

मी त्यांचा विद्यार्थी असताना सदाशिव पेठेतल्या एका खानावळीवर लिहिलं होतं. मालकीणबाईंसमोर ते इंग्रजी मराठीत सांगताना घाम फुटला. 'ग्राहकांशी संवाद नाही' हे ऐकून त्या म्हणाल्या, "अहो, कुठल्या पोराला बरं नाही ते मला ताटावरून कळतं. ते कुठंय यात?" कुठंच नव्हतं. मास्तर खूश. "आता हे लिहा. आधीचं खोडू नका, शेजारी राहू द्या."

पुढे मी तिथेच शिकवू लागलो. आयटीचे दिवस होते, शहर मांजरी गावापर्यंत पोचलं होतं. तिथले शेतकरी जमिनी विकतील का, हे पाहायचं काम एका बिल्डरने संस्थेला दिलं. विद्यार्थी घरोघर फिरले. बहुतेक जण तयार, असा निष्कर्ष निघाला. मास्तर म्हणाले, गावात वाचून दाखवू. संचालक म्हणाले, अहवाल गोपनीय आहे.

"चला हो," मास्तर मला म्हणाले. माझी नोकरी त्याच महिन्यात कायम व्हायची होती. मी तापाचं खोटं कारण सांगितलं.

ते एकटे गेले. मारुतीच्या पारावर बसून अख्खा अहवाल वाचला. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "इकायला तयार हाय, खरं हाय. पर कालव्याला पानी आलं तरी इकनार का, ह्ये कुनी इचारलंच न्हाई." मास्तरांनी हे वाक्य वेगळ्या पानावर लिहून अहवालाला जोडलं आणि तो संचालकांपुढे ठेवला. आठवड्यात त्यांचा राजीनामा घेतला गेला.

बिल्डरकडे जाण्याआधी अहवाल 'नीट करायला' माझ्याकडे आला. ते पान मी काढलं. माझ्याच हाताने.

त्यानंतर अनेक वर्षं मी तोच विषय शिकवतोय. आता वर्गात उभं राहायचाही शीण येतो.

मास्तर संस्था सोडून जाताना त्यांची पुस्तकं रिक्षात ठेवायला मी गेलो होतो. पानाचं त्यांना कळलं होतं. ते म्हणाले, "नोकरी कायम झाली ना? बरं झालं. घरी म्हातारे आईवडील आहेत तुमचे." पुण्यात जन्म गेल्यावर टोमणा ओळखू येतो. तो टोमणा नव्हता. असता, तर मी केव्हाच विसरलो असतो.