बाप्तिस्म्याचा फोटो

नाव्होतासच्या मच्छीबंदराजवळच्या बर्फकारखान्यात क्रिसांतो एकोणीस वर्षं लाद्या फोडायच्या यंत्रावर होता. यंत्राच्या तोंडावर लोखंडी जाळी हवीच, असा सरकारी नियम. पण जाळीत बर्फ अडकायचा आणि होड्या खोळंबायच्या, म्हणून मालक आर्सेनियोंनी ती काढायला लावली. गडी दुपारी तिच्यावर मासे भाजत. तपासनीस येणार म्हटलं की घासूनपुसून बसवत, त्याची पाठ फिरली की पुन्हा चुलीवर. यात कुणाला वावगं वाटलं नाही. क्रिसांतोलाही नाही, हे तोही कबूल करतो.

मार्चमध्ये यंत्राने त्याचा उजवा हात कोपरापासून नेला.

आर्सेनियो त्याच्या लेकीचे, लिगायाचे धर्मपिता. बाप्तिस्म्यापासून दोघं त्या नात्याने एकमेकांना ‘पारे’ म्हणत. फळांची टोपली घेऊन ते दवाखान्यात आले.

“पारे, जाळी तूच काढलीस एवढं लिहून दे. मरेपर्यंत फाटकावर रखवालीला बसवतो तुला.”

“काढायला तुम्हीच लावलीत ना, पारे?”

“म्हणजे आता घरच्या माणसाला कोर्टात खेचणार तू?”

खेचलं. नुकसानभरपाईच्या दाव्यात कंपनीने दोन गडी उभे केले. जाळी कायम जागेवर असायची, त्या सकाळी क्रिसांतोनेच काढली, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. त्याच जाळीवरचे मासे जन्मभर खाल्लेली माणसं ही. पोटासाठी माणूस काय काय गिळतो.

“पुरावा आणा,” क्रिसांतोचा वकील म्हणाला.

पुरावा घरातच होता, बाळ येशूच्या मूर्तीशेजारी. बाप्तिस्म्याची मेजवानी कारखान्याच्या अंगणात झाली होती, त्याचा फोटो. आर्सेनियोंच्या कडेवर तान्ही लिगाया, पुढे जाळीवर मासे, मागे आ वासलेलं यंत्र. अकरा वर्षं रोज बघूनही क्रिसांतोला त्यात फक्त पारेचा हसरा चेहराच दिसला होता.

तीन दिवस त्याचा हात त्या फोटोला लागेना.

“हा दिलास तर पोरीला धर्मपिता उरणार नाही,” त्याची बायको नेनिता म्हणाली.

“आणि नाही दिला तर?”

तिने त्याच्या रिकाम्या बाहीकडे पाहिलं आणि फोटो स्वतःच उतरवला.

नियम मोडल्याची आणि हात गेल्याची जबाबदारी कंपनीचीच, असं न्यायाधीशांनी लिहिलं. भरपाई द्यायला लावली.

नाताळच्या सकाळी लिगाया दरवर्षीसारखी धर्मपित्याच्या घरी गेली, त्यांचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायला. रखवालदार म्हणाला, साहेब गावाला गेलेत. वरच्या खिडकीचा पडदा हलताना तिने पाहिला.

घरी येऊन ती बापापुढे वाकली. “बाबा, तुम्हीच द्या.”

सवयीने आधी त्याचा उजवा खांदाच पुढे झाला. मग त्याने डावा हात दिला.