डोळे आल्याचा चष्मा

देवरावाला एकच डोळा. लहानपणी खेळताना गिल्ली लागली, डाव्या डोळ्यात पांढरं फूल पडलं आणि तो डोळा गेला तो गेलाच. उरलेल्या उजव्याच्या भरवशावर हा गडी जन्मभर सायकल हाणत आला, गावातून तिवशाच्या जिनिंगवर आणि जिनिंगवरून घरी. कधी चिलटं, कधी रुईचे तंतू, कधी ट्रकची धूळ. दुपट्ट्यानं पुसलं, की चालला पुढे!

यंदा मात्र तूर निघाली आणि रस्त्यावर कुटाराच्या ट्रॉल्या धावू लागल्या. ताडपत्री म्हणाल तर नावालाच. एका ट्रॉलीतून भुसा उडाला आणि एक कुसळ थेट चांगल्या डोळ्यात घुसलं. दोन डोळेवाल्यानं एक मिटावा, दुसऱ्यानं पाहावं. यानं मिटला की अंधार! सायकल मुरमात गेली, आणि देवराव रस्त्याच्या कडेला चाचपडत ओरडू लागला, "कोणी हाये का रे बावा? मले दिसून नाई राह्यलं!"

अमरावतीच्या डॉक्टरांनी कुसळ काढलं आणि चांगलंच झापलं. "बुबुळ थोडक्यात वाचलं. पुन्हा असं झालं तर हा डोळाही जाईल. चष्म्याशिवाय सायकलवर बसायचं नाही."

अकोल्याला दिलेली लेक, दीपमाला, धावत आली. येताना चष्मा घेऊन आली, पांढऱ्या काचांचा, दोन्ही बाजूंनी बंद. देवरावानं तो हातात घेतला, पाहिला आणि भिंतीतल्या आल्यात ठेवून दिला. लेक चिडली. "बाबा, काहून लावत नाई? लोक हासतीन म्हणून?"

"मले सोसत नाई तो," देवराव म्हणाला. धडधडीत खोटं! कारण वेगळंच होतं, आणि ते लेकीला सांगायची त्याची छाती नव्हती.

असं झालं होतं की, लग्नाआधी बाळापूरकडे पोरगी पाहायला निघताना बापानं त्याच्या नाकावर काळा चष्मा चढवला. तिथं जयभीम झाले, चहापाणी झालं आणि कोणीतरी विचारलंच, पोराला चष्मा का हो? बाप बेधडक म्हणाला, "पोराचे डोळे आले हायेत." आता घ्या! गेलेल्या डोळ्याला आला म्हणायचं! पण साथीचे दिवस होते, गावात अर्धे लोक काळे चष्मे लावून फिरत होते, त्यामुळे खपून गेलं. लग्न झालं. चष्मा उतरला. बायको इंदूबाई त्यावर अवाक्षर बोलली नाही, आणि त्या न बोलण्यानंच देवराव मेल्याहून मेला. पुन्हा चष्म्याला हात लावायचा नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं. सासुरवाडीला तर पाऊलच टाकलं नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

लेक अकोल्याला परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवराव चष्मा न लावताच सायकल काढू लागला, तशी इंदूबाईनं मागून कॅरिअर धरलं.

"चष्मा लावा."

"सोड वं."

"सोडत नाई. हा डोळा गेला तं काय करसान?"

देवरावानं स्टँड लावला. मग बोलला एकदाचा. "मले शरम वाटते. चष्मा लावूनच फसोलं मी तुले."

"फसोलं?" इंदूबाई म्हणाली. "पोह्याची बशी देली तवाच दिसलं होतं मले. तुमी मान वाकोली अन् बाजूनं फूल दिसलं."

"मंग होय काहून म्हणलं?"

"तुमचा बाप खोटं बोलून राह्यला होता अन् तुमी खाली पाहून राह्यले होते. म्हणलं, याले शरम हाये, हा सांगन. आज सांगन, उद्या सांगन. पोट्टी झाली, पोट्टीचं लगन झालं. माहेरच्या एकेका लग्नाले मी एकटी गेली. लोक इचारत, जावई काहून आले नाई? काय सांगू मी?"

आपली शरम म्हणजे आपला भलेपणा, असं देवराव इतकी वर्षं समजत होता. त्या भलेपणाची किंमत हिनं एसटीत एकटं बसून भरली, हे त्या बहाद्दराच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याला स्वतःचीच किळस आली.

घरात जाऊन त्यानं चष्मा आणला आणि तिच्यासमोरच डोळ्याला लावला. मग हळूच म्हणाला, "येत्या रविवारी बाळापूरले जाऊ. दोघं."

"आता कोणापाशी?" इंदूबाई म्हणाली. "माय तं कवाच गेली. अन् माहा बाप मरेपर्यंत इचारत होता, जावई आला का?"